अडीचशे वॅटच्या सीपीयूत गेमिंग

कंपनीचा तयार सीपीयू गेमिंगसाठी वाढवायचा म्हटलं की गिऱ्हाईक एकच विचारतं, 'कुठलं ग्राफिक्स कार्ड टाकू?' मी मात्र आधी झाकण उघडून एसएमपीएसवरचं, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल वाचतो. कोल्हापुरात दुरुस्तीच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर हात आपोआप तिकडेच जातो. पण गेल्या पावसाळ्यात एक सीपीयू टेबलावर आला, त्याचं लेबल वाचायच्या आधी वासच आला. जळक्या प्लॅस्टिकचा, आणि त्याच्या जोडीला चक्क कांदा-लसणाच्या फोडणीचा.

घेऊन आलेल्या बाई खानावळ चालवतात. सोबत डिप्लोमाला असलेला मुलगा, मान खाली घालून.

"दादा, ह्यातनं धूर आला. आणि ह्यो म्हणतोय काय झालं न्हाई. धूर काय उगंच येतोय व्हय?"

मशीन ऑफिसातलं जुनं, रिफर्बिश्ड. आय-५ ८५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, आणि एसएमपीएस २५० वॅटचा. आत मात्र मावेल न मावेल असं एक भलंमोठं कार्ड कोंबलेलं: आरएक्स ५८०, ८ जीबीचं, सेकंडहँड. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवर चालणारं मायनिंग बंद केलं, तेव्हापासून अशी कार्डं जुन्या बाजारात ढिगाने आली. पोराने साठवलेल्या पैशांतून घेतलं होतं. कार्ड वाईट नव्हतंच. ते कुठे लावलं, घोळ तिथे होता.

या कार्डाची भूक १८५ वॅटची. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ देतो, उरलेलं ८ पिनांच्या वेगळ्या वायरीतून यावं लागतं. ऑफिसच्या या एसएमपीएसला तसली वायरच नसते. मग पोराने व्हिडिओ बघून एक कन्व्हर्टर मागवला. एका टोकाला हार्डडिस्कची साटा पॉवर पिन, दुसऱ्या टोकाला ८ पिन. मिळतो स्वस्तात, बसतोही फिट्ट. पण साटाच्या त्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीनच पिना, प्रत्येक दीड अँपिअरची. म्हणजे सगळ्या मिळून ५४ वॅट. त्यातून हे कार्ड शंभराच्या वर ओढत होतं.

एवढ्यावरही थांबलं नव्हतं. या जातीच्या मशीनमध्ये एसएमपीएसमधून नुसते १२ व्होल्ट बोर्डाकडे जातात आणि हार्डडिस्कची वायर बोर्डावरूनच निघते. कार्डाचा सगळा करंट बोर्डावरच्या बारीक ट्रॅकमधून फिरून येत होता. भिंगातून पाहिलं तर ती वायर बोर्डावर जिथे बसते त्या हेडरचं प्लॅस्टिक वितळून दोन पिना एकमेकींकडे झुकलेल्या, आणि भोवती तपकिरी डाग.

बाईंना मी हे जमेल तसं सांगितलं. वॅट आणि अँपिअर त्यांना माझ्याइतकेच कळत होते, खानावळीचं वीजबिल त्याच भरतात.

"म्हंजे मिक्सरच्या प्लगात ह्यानं गीझर लावला!"

मी एवढा वेळ घालवून जे सांगत होतो ते बाईंनी एका वाक्यात संपवलं.

पोराचा प्रश्न वेगळा होता. "पण काका, कार्ड दोन दिवस चाललं की. गेम पण खेळलो."

चालणारच. डेस्कटॉपवर आणि गेमच्या मेनूत कार्ड निवांत असतं, जोर लागतो तो खेळ रंगल्यावर. प्लॅस्टिक हळूहळू तापत जातं आणि पिनेची पकड सैल होते. सैल पकड आणखी तापते.

आता बोर्ड जिवंत आहे का, हे बघायचं होतं. कार्ड काढलं, कन्व्हर्टर कापून काढला, मल्टिमीटरने १२ व्होल्टची लाइन ग्राउंडशी शॉर्ट नाही याची खात्री केली आणि मग बटण दाबलं. विंडोज उघडलं. नशीब असं, की एसएसडी एनव्हीएमई होती, थेट बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसलेली, तिला त्या हेडरची गरजच नव्हती. मेलेल्या हेडरवर टेप लावली, वर स्टिकर चिकटवलं आणि बिलावरही तसं लिहून दिलं. कार्ड माझ्या टेबलावरच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर दुपारभर चालवलं. ते ठणठणीत.

आता पुढचं, आणि मला विचाराल तर खरी गंमत इथे आहे. कार्ड नव्हतं तेव्हा गेम नक्की कसा चालायचा, असं मी पोराला विचारलं. व्हॅलोरंट खेळायचा, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर. "सुरुवातीला बरा चालायचा, मग दहा-पंधरा मिनिटांनी अडकायला लागायचा." आधी बरा आणि नंतर लॅग, असं कोणी सांगितलं की मी ग्राफिक्स सोडून हीटसिंककडे, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या पत्र्यांकडे, बघतो. पंखा काढला, तर मागे पत्र्यांच्या मधल्या फटीच दिसेनात. नुसती धूळ असती तर ब्लोअरने उडाली असती. ही धूळ तेलाची होती. घर खानावळीच्या वरच्या मजल्यावर, रोजची फोडणी थेट सीपीयूत. प्रोसेसर शंभर अंशांना टेकत होता, आणि तिथे टेकला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो.

ब्रश आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) हीटसिंक धुतला, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. रॅमची तशीच आणखी एक ८ जीबीची पट्टी टाकली. पट्टी एकटी असली की प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन वाटांपैकी एकच चालू राहते, आणि आतलं ग्राफिक्स तर रॅमवरच जगतं. कार्ड न लावता गेम चालू करून दिला. अर्धा तास झाला तरी अडकेना. पोरगं स्क्रीनकडे बघायचं, मग माझ्याकडे. नवं कार्ड न घेता एवढा फरक पडतो, हे त्याच्या एकाही व्हिडिओत नव्हतं.

तरी कार्ड हवंच होतं, आणि त्यात गैर काही नाही. या वयात नाही तर कधी? मग बसलो हिशेबाला. प्रोसेसर ६५ वॅटचा, त्यात ५८० चे १८५ मिळवले की अडीचशे तिथेच संपले, बाकी मशीन हवेवर चालणार का? एसएमपीएस बदलावा तर बोर्डाकडची पिन कंपनीने स्वतःची ठेवलेली. जोडायच्या वायरी मिळतात, पण एकदा भाजलेल्या बोर्डावर तो खेळ मी करत नाही. उरली ती फक्त स्लॉटवर चालणारी कार्डं. आरएक्स ६४०० ची भूक ५३ वॅटची, पण ते स्लॉटमधल्या डेटाच्या चारच लेन (वाटा) वापरतं आणि या आठव्या पिढीच्या बोर्डावर स्लॉट जुन्या पीसीआयई ३.० चा असल्याने तिथे मार खातं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं, २०२४ मध्ये आलेलं, ७० वॅटचं, सगळ्यांत योग्य, पण बजेटच्या बाहेर. शेवटी जुनं जीटीएक्स १६५० ठरलं, ७५ वॅटचं. त्यातही काही मॉडेलना ६ पिनांची वायर लागते, म्हणून बिनपिनेचं शोधून मागवलं. ५८० मी ठेवून घेतलं आणि किंमत वळती केली.

"५८० जास्त फास्ट आहे," पोरगं पुटपुटलं. आहेच. मी नाही म्हटलं नाही. पण त्याची स्क्रीन ६० हर्ट्झची, सेकंदाला साठाच्या वर फ्रेम ती दाखवतच नाही.

बाईंनी मजुरीत शंभर रुपये कमी करून घेतले आणि सीपीयू वरच्या मजल्यावर कुठे ठेवायचा ते विचारलं. खिडकीपासून लांब, जमिनीवर नाही, आणि चार महिन्यांतून एकदा माझ्याकडे.

निघताना पोराने कापलेल्या कन्व्हर्टरकडे बोट दाखवलं. "काका, माझ्या मित्रानं पण हाच लावलाय. आम्ही दोघांनी एकदमच मागवलेला."

"आता फोन लाव त्याला. मशीन बंद कर म्हणावं, मुख्य बटणापासून."

तो मित्र संध्याकाळी सीपीयू घेऊन हजर. कनेक्टर पिवळा पडला होता, वितळला नव्हता. त्याची एसएसडी साटाची होती, त्याच वायरीवर, आणि तिच्यात डिप्लोमाचा अख्खा प्रोजेक्ट. कॉपी कुठेच नव्हती. आधी प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घेतला, मग कात्री उचलली.