लाल एस.टी., निळी एस.टी.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी भुसावळ स्टँडवर फॉर्म घेऊन उभा होतो. जळगावला कसे जाता? एस.टी., रेल्वे की मोटारसायकल? रकाने दोनच, वेळ आणि भाडं. त्यावरून प्रत्येक पर्यायाला गुण, गुणांवरून तो निवडला जाण्याची शक्यता. लॉजिट मॉडेल म्हणजे ढोबळमानाने एवढंच. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी याच वाटेने सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे सुरू होण्याआधीच अंदाज बांधला: कामावर जाणाऱ्यांपैकी ६.३ टक्के तिने जातील. गेले ६.२. पुढे २००० साली नोबेल.

माझं मात्र भरीत झालं. बामणोदच्या वांग्यांचं पोतं घेतलेले एक काका म्हणाले, "पोतं पाहून कंडक्टर तोंड वाकडं करतो भो, म्हणून रेल्वे." पोत्याला माझ्या फॉर्मात रकानाच नव्हता!

मॉडेलची स्वतःचीही एक खोड आहे. समजा निम्मे लोक लाल एस.टी.ने, निम्मे मोटारसायकलने जातात. उद्या तशीच निळी एस.टी. आणली, तर लॉजिट म्हणतं तिघांत सारखी वाटणी. म्हणजे नुसत्या रंगापायी मोटारसायकलवाले उतरून बसमध्ये बसणार. हे काकांना सांगितलं. ते पोत्यावर बसूनच हसले, अन् गाडीची घोषणा झाल्यावर पोतं उचलायला मलाच हाक मारली.