मांडवी ते झुआरी: गाळातल्या कवचांच्या मागावर

पणजीहून होडी सुटली तेव्हा भरती नुकतीच लागली होती. मे महिना, त्यात उधाण. मांडवीच्या मुखाशी पाणी सुमारे २ मीटर चढतं-उतरतं. हे दिवस मुद्दाम निवडले. मेमध्ये नदीला गोडं पाणी नावालाच असतं. खारं पाणी आत लांबवर शिरतं आणि वरपासून तळापर्यंत एकजीव होतं. जुलैत याच जागी वरून पुराचं गोडं पाणी वाहतं आणि तळाशी खाऱ्याची पाचर घुसलेली असते. क्षारता मोजायला यंत्र आहे, पण त्याचा आकडा त्या घटकेपुरता. तळाचं पाणी वर्षभरात कुठे काय नेऊन टाकतं, ते कळतं गाळातल्या फोरॅमिनिफेरांवरून. हे एकपेशीय जीव, बहुतेकांचं कवच अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान.

रायबंदरच्या पुढे पहिला ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ उचलणारा लोखंडी जबडा, टाकला. जबड्यात शिंपला किंवा काडी अडकली की तो नीट मिटत नाही आणि वर येईतो सर्वांत वरचा, सर्वांत हलका थर धुऊन जातो. असा नमुना सरळ फेकावा. ग्रॅबमधलं पाणी गढूळ दिसलं तरी पृष्ठभाग हललाय असं समजावं. चांगल्या नमुन्यावरचं पाणी नळीने अलगद काढून वरचा फक्त १ सेंटिमीटर गाळ खरवडायचा. ५० घन सेंटिमीटर पुरतो. बाटलीत लगेच रोझ बेंगालचं, म्हणजे जिवंत पेशी गुलाबी करणाऱ्या रंगाचं, द्रावण ओतायचं, १ लिटर इथेनॉलमध्ये २ ग्रॅम, आणि ते गाळापेक्षा कमी असता कामा नये. मग किमान १४ दिवस ठेवायचं. फॉर्मेलिन शक्यतो टाळावं. ते आम्लधर्मी असतं, चुन्याची कवचं खातं. वापरावंच लागलं तर बोरॅक्स घालून.

जुने गोवे आणि दिवाडी बेट मागे टाकून कुंभारजुव्याच्या कालव्यात वळलो. मांडवी आणि झुआरी यांना जोडणारी ही वाट. दोन्ही काठांना खारफुटी आणि तिच्यात मगरी, म्हणून नमुना होडीतूनच घ्यायचा, काठावर पाय ठेवायचा नाही. खरी फसगत इथेच होते. खारफुटीचा काळा चिखल आम्लधर्मी असतो. त्यात चुन्याची कवचं विरघळतात आणि मातीचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या मिलियॅमिना, ट्रोकॅमिना या फोरॅमिनिफेरांचीच कवचं उरतात. नमुन्यात चुन्याचं कवच नाही म्हणून समुद्राचं पाणी इथवर येत नाही, असं लिहून टाकणं चुकीचं.

पुढचं काम टेबलावरचं. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर मंद धारेने धुवायचं. धार जोरात सोडली तर मातीची कवचं फुटतात. मग ५० अंशांखाली वाळवायचं आणि भिजवलेल्या बारीक कुंचल्याने एकेक कवच उचलत ३०० मोजायची. भिंगाखाली अमोनिया (वायू नव्हे, याच नावाचा फोरॅमिनिफेर) दिसतो तो चपट्या गोगलगायीच्या वेटोळ्यासारखा. जिवंत असताना पकडला गेला तर शेवटचे कप्पे सोडून बाकीचे गडद गुलाबी भरलेले, मेलेला असेल तर पांढरा आणि पोकळ. फिकट डाग जिवंतात धरू नयेत. मेल्यावरही काही आठवडे आतल्या अवशेषांना रंग चढतो.

पाण्याच्या फिरण्याचा मुख्य पुरावा मात्र ही मेलेली कवचंच. अमोनिया कमी-जास्त क्षारता सोसतो, खाडीत राहतो. ग्लोबिजेरिना उघड्या समुद्रात तरंगणारी, खाडीत तिचं घर नाही. तिचं रिकामं कवच खाडीत आत सापडलं तर ते पाण्यानेच आणलेलं. पोकळ कवच बारीक रेतीच्या कणाहून हलकं पडतं, त्यामुळे तळाच्या प्रवाहाबरोबर सहज सरकतं. खात्री करायची ती आकारावरून. एका जातीची लहान-मोठी सगळी वयं एकत्र मिळाली तर ती बहुधा तिथेच वाढलेली. सगळी एकाच मापाची बारीक, कडा झिजलेली असतील, तर प्रवाहाने निवडून आणलेली. त्यासाठी दर ठिकाणी जिवंत आणि मेलेली यांची यादी वेगळी ठेवायचीच. दोन्हींची बेरीज केली की ही खूण नाहीशी होते.

कुठ्ठाळीजवळ झुआरीत उतरेतो ओहोटी लागली होती. शेवटचा नमुना मुख्य पात्राच्या खोल भागातून घेतला, बार्जच्या वाटेपासून दूर. त्या वाटेवरचा गाळ पंख्याने ढवळलेला असतो, त्यात वरचा १ सेंटिमीटर म्हणायला काही उरत नाही. याच जागा पुन्हा ऑगस्टमध्ये गाठायच्या, भरतीच्या त्याच अवस्थेला. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध तयार होतो आणि लाटा फुटतात. लहान होडीने तिकडे जायचं नाही, मुखावरचे नमुने मेमध्येच पुरे करून ठेवायचे.