दहा पुसा, तिथं क्ष लिहा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या असा निरोप आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि गप्प बसले, मग कोणीतरी माझं नाव पुढे ढकललं, कारण म्हणे मी शाळेत निबंध भारी लिहायचो. निबंधात मार्क पडायचे हे खरंय, गणितात बोंब होती. तरी लिहितोय गणिताच्या सरांवरच.

आम्ही सातवीत होतो 1987-88 ला. तेव्हा स्कॉलरशिप चौथी आणि सातवीला असायची (मध्ये काही वर्षं ती पाचवी-आठवीला गेली होती), त्यामुळे सातवी म्हणजे घरी-शाळेत दोन्हीकडे टेन्शन. साधं समीकरण मला यायचं. 3क्ष + 5 = 20 दिलं की पाच पलीकडे नेला, चिन्ह बदललं, तीनने भागलं, विषय संपला. पण तेच कोणी बाप-लेकाच्या वयात नाहीतर शेळ्या-कोंबड्यांच्या पायात घालून दिलं की डोक्याचा भुगा. 'शाब्दिक उदाहरणे' एवढं वाचलं तरी मी पान उलटायचो.

सहावीत एका ट्युशनला मला मंत्र मिळालेला होता, 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'प्रत्येकी'ला भागाकार, 'जास्त'ला मिळवा. सरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं : माझ्याकडे 12 गोट्या आहेत, त्या रामूपेक्षा 5 ने जास्त आहेत, तर रामूकडे किती? अर्धा वर्ग 17 म्हणाला, मी सगळ्यात मोठ्याने. सर म्हणाले, "बरं, रामूकडे 17, तुझ्याकडे 12. मग जास्त कोणाकडे?" आणि हात झटकून खुर्चीत जाऊन बसले. मंत्र तिथंच गेला.

आता त्यांची खरी पद्धत सांगतो, कारण ती मी नंतर दुसऱ्या कुठल्या वर्गात पाहिली नाही. उदाहरण होतं, बापाचं वय मुलाच्या तिप्पट आहे, 12 वर्षांनी ते दुप्पट होईल, तर मुलाचं आजचं वय किती. आम्हाला वाटलं आता 'मुलाचं वय क्ष मानू' सुरू होणार. सर म्हणाले, उत्तर सांगा. कोणी बोलेना. मग म्हणाले, चुकीचं सांगा, मला चुकीचंच पाहिजे, नाहीतर मी सांगतो, दहा. आता हे चूक आहे ते मला ताळा करून दाखवा.

ताळा करायला काय, ताळा सगळ्यांना येतो. मुलगा 10, बाप... मागून कोणीतरी ओरडलं "तीस!" तर सर त्याच्यावरच खेकसले. "तीस नाही म्हणायचं. 3×10 म्हणायचं. गुणाकार करायची घाई कोणाला झालीय?" बारा वर्षांनी मुलगा 10 + 12, बाप 3×10 + 12. आणि बाप दुप्पट पाहिजे, म्हणजे 3×10 + 12 आणि 2×(10 + 12) सारखे आले पाहिजेत. येतात का? 42 आणि 44. नाही येत, दोनाने हुकलं. इथं आम्हाला वाटलं संपलं, आता अकरा घेऊन बघायचं. सर फळ्याजवळ गेले, डस्टर बाजूलाच पडलेलं पण ते नाही घेतलं, अंगठ्याने दोन्हीकडचे दहा पुसले आणि त्या पांढऱ्या डागावर गुलाबी खडूने क्ष लिहिला. 3क्ष + 12 = 2(क्ष + 12). "हे घ्या तुमचं समीकरण."

वर्गात कोणी हललं नाही बघा. समीकरण म्हणजे चुकलेल्या उत्तराचा ताळा, फक्त आकडा पुसलेला. आणि तीस का नाही म्हणायचं ते तेव्हा कळलं, तीस लिहिला की दहा त्याच्या पोटात गडप होतो, मग पुसणार काय?

मी तरी चुकलोच म्हणा. चाचणीत घाई केली, अंदाज वगैरे भानगडीत न पडता डायरेक्ट क्ष मानला आणि 3क्ष = 2(क्ष + 12) लिहून मोकळा. उत्तर आलं मुलगा 24, बाप 72. सरांनी वही वर्गासमोर धरली आणि चक्क अहिराणीत विचारलं, "पोऱ्या वाढना, नि बाप तठेच थांबना का रे?" (म्हणजे पोरगा वाढला आणि बाप तिथंच थांबला का रे?) पोट धरून हसला वर्ग, नंतर वर्षभर मला 'थांबना' हेच नाव पडलेलं होतं. पण बापाला 12 वर्षं द्यायची मी परत कधी विसरलो नाही.

त्या वर्षीची सहल पाटणादेवीला गेली होती. चाळीसगावहून 18 किलोमीटर, आमच्याकडची सगळीच पोरं तिथं दहा वेळा गेलेली, त्यामुळे सहल कसली असं वाटलेलं. पण पाटणचा तो 1207 सालचा शिलालेख भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा आहे, चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तो मठ काढला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख शोधून काढला, हे आम्हाला सरांनीच सांगितलं. डबे उघडायच्या आधी त्यांनी भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथातलं भुंग्यांचं गणित घातलं. लीलावती 1150 ची. थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलीन्ध्राच्या फुलावर, या दोघांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर (कुटज म्हणजे आपला कुडा, सरांनी बोट करून दाखवला), आणि एक भुंगा केतकी आणि मालतीच्या मध्ये घिरट्या घालतोय. एकूण किती?

आम्ही सवयीने दहा. दहाचा तिसरा भाग निघेना, भुंगे तोडायचे का? मग तीस घेतले. 6 आणि 10, फरकाची तिप्पट 12, वर एक, झाले 29. एकाने हुकलं. तेवढ्यात आमच्यातली एक जण म्हणाली पंधरा, आणि 3, 5, 6, 1, बरोबर पंधरा. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांचा चेहरा मात्र पडला, ते का ते तेव्हा कळलं नाही. भास्कराचार्यसुद्धा इथं मनाला येईल ती संख्या धरूनच सुरुवात करतात, त्याला इष्टकर्म म्हणतात, एवढं सांगून ते डब्याकडे वळले. बीजगणितात त्यांच्याकडे क्षच्या जागी 'यावत्तावत्' असतं आणि आणखी अज्ञात लागले की कालक, नीलक, पीतक, म्हणजे रंगच. दुसऱ्या अज्ञाताला सर निळा खडू का घ्यायचे ते मला त्या दिवशी समजलं.

मध्ये तीसेक वर्षं गेली, ती सोडून देतो, नोकरी-घर-हप्ते सगळ्यांचं सारखंच असतं. माझी मुलगी पुण्यात इंग्लिश मीडियमला, सातवीत. गेल्या वर्षी एक दिवस रडकुंडीला आलेली. उदाहरण होतं 'फाइव्ह लेस दॅन थ्री टाइम्स अ नंबर इज सिक्स्टीन' आणि तिने लिहिलं होतं 5 − 3x = 16. वाचलं त्या क्रमाने लिहिलं, तिची काय चूक? आपल्याकडे तेच 'एका संख्येच्या तिपटीतून 5 वजा केले तर 16 उरतात', डावीकडून उजवीकडे जसंच्या तसं समीकरण. (मराठी पण फार साधी नाही हां, 'मुली मुलांच्या दुप्पट आहेत' म्हटलं की दोनचा आकडा मुलींच्याच गळ्यात बांधायला हात शिवशिवतो.)

तिला म्हटलं, दहा धर आणि ताळा कर. तर ती स्वतःच म्हणाली, "दहाची तिप्पट, त्यातून पाच काढायचे... अरे, मी उलटं लिहिलंय." 3×10 − 5. सोळा येत नाहीत. मग खोडरबरने दहा पुसला, x लिहिला, सात आलं. नंतर म्हणाली, "पण बाबा, दहाच का? नेहमी?"

मला माहीत नव्हतं. दिवाळीला सरांना फोन केला तेव्हा विचारून घेतलं. आता ऐकायला कमी येतं त्यांना, दोनदा ओरडून विचारावं लागलं. म्हणाले, "दहाचा पाढा सगळ्यांना येतो म्हणून. आणि ज्याचं उत्तर दहा येतं असं उदाहरण मी कधी घेतलंच नाही. अंदाज बरोबर निघाला तर पुढे पुसायला कोण बसणार? त्या पोरीने पाटणला पंधरा सांगून माझा अख्खा तास घालवला होता."