दारू सुटली, पण संध्याकाळी सातचं काय?

आमच्याकडे कोणाची दारू सोडवायची म्हटलं की घरचे एक तर देवापुढे शपथ घालतात, नाहीतर चुपचाप भाजीत गोळी मिसळतात. ती गोळी बहुतेक वेळा डायसल्फिरामची. त्यावर दारू पोटात गेली की तोंड लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, बीपी पडतं, जिवावरही बेतू शकतं, आणि त्या माणसाला पत्ताच नसतो की आपल्याला हे काय होऊन राहिलं. मला हा प्रकार अजिबात पटत नाही.

आमच्या भावजींना ताईनं सरळ ॲडमिट केलं. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, भास होतात, म्हणून ते डॉक्टरसमोरच झालेलं बरं. सोबत बी-१ ची इंजेक्शनं, कारण दारूनं हे जीवनसत्त्व पार संपतं अन् मेंदूवर परिणाम होतो. ठीक, आठवडाभरात शरीर बरंच सावरलं.

खरी गंमत घरी आल्यावर. सात वाजले की भावजी गाडीची चाबी हातात घेऊन अंगणात येरझारा घालायचे, कारण दुकानाचं शटर पाडलं की बार, इतकी वर्षं हेच. डोक्यात घड्याळच तसं बसलेलं, त्याला कोणती गोळी देणार? मग ताई साडेसहालाच पोटभर खायला घालायची, रिकाम्या पोटी तलफ जास्त उठते म्हणून, आणि दोघं अंबाझरी तलावाकडे चालायला. झोप मात्र कित्येक महिने धड नव्हती. एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगलाही जातात, १९३५ मध्ये अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच सुरू केलेली गोष्ट आहे ती, बायकोनं सांगितलेलं जे ऐकू येत नाही ते तिथं दुसऱ्या बेवड्याकडून बरोबर ऐकू येतं! ताई घरच्यांसाठी असलेल्या अल-ॲनॉनला जाते, आता ती त्यांचे खिसे तपासत नाही, तोंडाचा वास घेत नाही. आजारी तीही होतीच न.

राहिला खर्रा, सुपारी-तंबाखू घोटलेला. तो वाढलाय. पन्नी हातात घोळवणं दिवसभर सुरू. "दारू सोडली न बापा, आता हा तरी राहू द्या!" तिकडं तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, दोनच जातात, सुपारीनं तोंड असंच आखडत जातं. ताई म्हणते आधी दारूचं पक्कं होऊ दे, मी म्हणतो दोन्ही सोबतच काढा, डॉक्टरही तेच म्हणतात, अन् यावरून आमचं भांडण सध्या जोरात सुरू आहे.