शब्द कोणाचे, चाल कोणाची

स्मरणिका समितीचा निरोप आला, 'शाळेविषयी काहीही लिहा, पण वेळेत द्या.' मधल्या सुट्टीतले वडे, स्नेहसंमेलनं, दहावीचे निकाल यांवर बाकीचे लिहितीलच. मी सरांवर लिहिणार. शाळेत सर पुष्कळ होते, पण नुसतं 'सर' म्हटलं की आमच्या तुकडीतल्या कुणालाही पुढे विचारावं लागत नाही. वसईहून एसटीने घोडबंदर रोडचे धक्के खात येणारे, इंग्रजी आणि संगीत दोन्ही शिकवणारे, पाऊस असो की ऊन, व्हायोलिन छातीशी धरून फाटकातून आत शिरणारे सर. एसटीत ती पेटी ते कधी वरच्या फळीवर ठेवत नसत म्हणे. त्यांच्या बरोबर येणाऱ्या शिपाईकाकांनी सांगितलेलं.

कुठलंही गाणं शिकवायचं तर आधी फळ्यावर दोन ओळी येत. शब्द अमुक यांचे, चाल अमुक यांची. त्या वहीत उतरवून झाल्याशिवाय व्हायोलिन पेटीबाहेर येत नसे. आम्हाला तेव्हा हा वेळकाढूपणा वाटे.

नववीतली 30 जानेवारी. अकराचा भोंगा झाला, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो, 'वैष्णव जन' झालं आणि मग दरवर्षीप्रमाणे सरांनी व्हायोलिनवर 'अबाइड विथ मी' ('माझ्याजवळ राहा') हे ख्रिस्ती भजन वाजवलं. आदल्याच संध्याकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बीटिंग रिट्रीट, म्हणजे दिल्लीतला प्रजासत्ताक दिनाचा समारोप सोहळा, पाहताना विजय चौकातल्या बँडवर तेच ऐकलं होतं, त्यामुळे आम्ही ओळखीचं हसलो. सुविचाराच्या फलकावर आमच्या वर्गातल्या सुंदर अक्षरवाल्याने रंगीत खडूने लिहिलं होतं, 'महात्मा गांधींचे इंग्रजी भजन'. खाली चरखासुद्धा काढला होता. रांगा वर्गांकडे वळल्या तरी सर फलकासमोरच उभे. आम्हाला वाटलं, आता डस्टर फिरणार. त्यांनी काहीच पुसलं नाही. 'गांधींचे' याच्या पुढे बारीक अक्षरात 'आवडते' घुसवलं आणि चरख्याच्या खाली लिहिलं: शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट, चाल विल्यम हेन्री मंक. मुख्याध्यापक तिकडून जात होते. ते म्हणाले, "अहो, प्रार्थना संपली, आता कोण वाचणार?" सर म्हणाले, "मधली सुट्टी आहे ना अजून."

पुढचा तास इंग्रजीचा होता. धडा बाजूला राहिला आणि सरांनी त्या दोन माणसांची हकीकत सांगितली. मला ती आजही तोंडपाठ आहे.

लाइट 1793 साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. बाप कुटुंब सोडून गेला, आईही लवकर गेली. आयर्लंडमधल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी, डॉ. बरोज यांनी, त्याची फी भरली आणि सुट्टीत त्याला स्वतःच्या घरी नेलं. हे सांगताना सर किंचित थांबले होते. आमच्यातल्या कुणाकुणाच्या फिया ते स्वतः गुपचूप भरत होते, हे आम्हाला फार उशिरा, तेही त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात कळलं. पुढे लाइट पाद्री झाला आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रिक्सहॅम नावाच्या गावी गेला. मासेमारीचं बंदर. हे ऐकताच चेंदणी कोळीवाड्यातला आमचा एक मित्र उठला, "सर, होड्या शिडाच्या का?" सर खूश. तासातली पाच मिनिटं होड्यांत गेली.

लाइटला क्षय झाला. 1847च्या सप्टेंबरमध्ये त्याने आपल्या लोकांना शेवटचं प्रवचन दिलं आणि हवापालटासाठी निघाला. वाटेत आजच्या फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नीस इथे, 20 नोव्हेंबरला तो वारला. वय 54. निघण्याच्या त्याच दिवसांत हे गीत त्याने लिहिलं असं घरचे सांगत. काही जण म्हणतात, त्याचा आराखडा कितीतरी आधीचा, एका मरणासन्न मित्राला भेटून आल्यावरचा. सरांनी आम्हाला दोन्ही सांगितलं आणि दोन्ही लिहून घ्यायला लावलं. मूळ प्रसंग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला: अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य सोबतच्या अनोळखी वाटसरूला म्हणतात, दिवस कलला आहे, आमच्याकडेच राहा.

शब्दांना लाइटने स्वतःही एक चाल लावली होती. ती मागे पडली. आज जग जी चाल गातं ती मंकची, 1861ची. मंक लंडनच्या किंग्ज कॉलेजात ऑर्गन वाजवायचा आणि 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' या संग्रहाच्या संगीताची बाजू सांभाळायचा. कुणी म्हणतात, समितीच्या बैठकीत त्याने दहा मिनिटांत ती लिहून काढली. त्याची बायको म्हणे, दुःखाच्या दिवसांत दोघं सूर्यास्त पाहत बसले असताना सुचली. काहीही असो, लाइट जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. आपल्या शब्दांची ही चाल त्याने कधी ऐकलीच नाही. आपल्याकडे कवी आणि संगीतकार एकाच सतरंजीवर बसून गाणं करतात, हे आम्ही ऐकलेलं. तिकडे चालीला तिचं स्वतःचं नाव असतं, या चालीचं 'ईव्हनटाईड', आणि ओळींतली अक्षरं जुळली की ती दुसऱ्या शब्दांनाही लागते. सरांनी ते अभंगावरून समजावलं होतं. लगेच वर्गात प्रयोग झाले. ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

एक सांगायला हवं. लाइट अँग्लिकन, सर वसईचे पक्के कॅथलिक. आणि वर्गात बहुतेक आम्ही गणपती-गौरीवाले. कुणाच्याही घरून कधी चिठ्ठी आली नाही. त्याच आठवड्यात सरांनी रेव्हरंड टिळकांचा विषय काढला. 'क्षणोक्षणी पडे, उठे परि बळे' आम्हाला पाठ होतं. पण 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या याच कवीने मराठी ख्रिस्ती मंडळींना अभंगाच्या वळणाची भजनं दिली, हे पुस्तकाने सांगितलं नव्हतं. तेव्हा सरांनीच सांगितलं.

मी आता बँकेत आहे आणि शनिवार-रविवारी मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांचं निवेदन करतो. गडकरी रंगायतनपासून घाणेकर नाट्यगृहापर्यंत ठाण्यातला एकही रंगमंच सोडलेला नाही, हे जरा अभिमानानेच सांगतो. गीतकार आणि संगीतकाराचं नाव घेतल्याशिवाय मी गाणं सुरू होऊ देत नाही. एका आयोजकाने सुचवलं की नावं गाळली तर आणखी दोन गाणी बसतील. मी म्हटलं, मग निवेदक दुसरा बघा.

2022पासून बीटिंग रिट्रीटमध्ये 'अबाइड विथ मी' वाजत नाही. त्याच्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगों' आलं: शब्द कवी प्रदीप यांचे, चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांची. गाणं थोरच, मी कितीदा तरी निवेदनात घेतलंय. पण त्यासाठी आधीचं काढायला नको होतं, असं माझं मत आहे. आपल्या शाळेतही प्रार्थना आता पेन ड्राइव्हवरून लागते असं कळलं. आवाज स्वच्छ येत असेल, मुलांना तोंड उघडावं लागत नसेल. फळ्यावर दोन ओळी लिहायला मात्र कुणी उरलेलं दिसत नाही. मोबाइलवर तरी काय, गायकाचा फोटो येतो आणि कवी शोधत बसावा लागतो.

आता मुद्द्याचं. आपलं शाळागीत मराठीच्या बाईंनी लिहिलं आणि चाल सरांनी लावली, हे आमच्या तुकडीला माहीत आहे. पण ते दैनंदिनीच्या पहिल्या पानावर इतकी वर्षं नावाशिवाय छापलं जातंय. कारण सर स्वतःच 'माझं राहू दे' म्हणायचे. ते दुसऱ्यांचं कधी राहू देत नसत, तेव्हा त्यांचं हे म्हणणं समितीने मानू नये. या स्मरणिकेत शाळागीताखाली दोघांची नावं आडनावांसकट छापावीत. जागा नसेल तर माझा फोटो काढून टाका. आणि सुवर्णमहोत्सवाच्या संध्याकाळचं निवेदन समितीने माझ्याकडेच दिलं आहे, त्यामुळे छापायचं राहिलंच तरी माइक माझ्या हातात आहे.