टर्मिनल उघडायला दोन सेकंद, आणि प्लगइन मॅनेजरची निवड

मे महिन्यातली गोष्ट आहे. सोलापूरचा मे म्हणजे दुपारी बारानंतर पंख्याची हवा पण गरमच लागते, आणि जुळे सोलापुरात आमच्याकडे त्या आठवड्यात लाइट रोज तासभर तरी जायचीच. मी घरूनच काम करतो, लाइट गेली की वायफाय बंद, मग मोबाइलचा हॉटस्पॉट. अशाच एका दुपारी पूर्व भागातला माझा मित्र आलेला, त्याला काहीतरी दाखवायला मी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं, काळी खिडकी आली, कर्सर लुकलुकतोय, प्रॉम्प्ट, म्हणजे 'आता कमांड लिही' असं सांगणारी ओळ, काही येईना. तो म्हणला, "काय बे, हँग झालं का?" हँग नव्हतं झालं, रोज एवढाच वेळ लागायचा. पण दुसऱ्याच्या डोळ्याने बघितल्यावर ते मला बोचलं, कारण मी दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी नवीन टॅब उघडतो.

मी झेडएसएच (zsh) वापरतो, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा एक शेल. सुरुवात बहुतेकांसारखी ओह माय झेडएसएचने केली. झेडएसएचला तयार सेटिंग देणारा, २००९ साली रॉबी रसेलने सुरू केलेला प्रोजेक्ट, तीनशेच्या वर प्लगइन (शेलला जास्तीच्या सोयी देणारे छोटे प्रोग्रॅम), शंभरावर थीम, आणि खरं सांगतो, नवीन माणसाला शेलची गोडी लावायचं काम याच्याइतकं कोणी केलं नाही. मला त्याच्याबद्दल आदरच आहे. फक्त मला त्यातली तीनच प्लगइन लागत होती. आणि ते डीफॉल्टने दर १३ दिवसांनी अपडेट करू का म्हणून विचारतं, ते नेमकं हॉटस्पॉटवर असताना आलं की जीव खालीवर होतो (हे बंद करता येतं, एका ओळीचं काम आहे, लगेच करून टाका).

तर मित्र गेल्यावर मी आधी मोजायला बसलो. प्लगइन मॅनेजर (प्लगइन आणून लोड करणारं टूल) बदलायच्या आधी मोजा, ही एक गोष्ट मला अगदी कळकळीने सांगायचीय. झेडएसएचमध्येच झेडप्रॉफ नावाचं मॉड्यूल आहे, ते डॉट झेडएसएचआरसीच्या (झेडएसएच सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलीच्या) पहिल्या ओळीत लोड करायचं आणि शेवटच्या ओळीत झेडप्रॉफ लिहायचं, कुठल्या फंक्शनने किती मिलिसेकंद खाल्ले त्याचा तक्ता समोर येतो. माझ्याकडे एकूण १.९ सेकंद जात होते आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा एनव्हीएमचा, म्हणजे नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) व्हर्जन सांभाळणाऱ्या टूलचा, जो प्रत्येक नवीन टॅबला पूर्ण लोड होत होता. दुसरा नंबर कंपइनिटचा. टॅब दाबल्यावर जे कम्प्लीशन येतं त्याची तयारी हे फंक्शन करतं आणि ते एकदा चाललं की पुरे, माझ्याकडे ते तीनदा चालत होतं! एकदा ओह माय झेडएसएच स्वतः चालवतं, आणि वेगवेगळ्या टूल्सच्या इन्स्टॉलरनी फाइलच्या तळाशी आपापली ओळ चिकटवून ठेवलेली, ती आणखी दोनदा. प्लगइन बिचारी जवळजवळ काहीच वेळ घेत नव्हती.

मग प्लगइन मॅनेजर नेमकं करतो काय? गिट क्लोन करतो, म्हणजे प्लगइनचा कोड नेटवरून उतरवतो, आणि ती फाइल सोर्स करतो, म्हणजे चालू शेलमध्ये वाचून घेतो. बास. कम्प्लीशनचा फोल्डर असेल तर तो एफपाथमध्ये (झेडएसएच फंक्शनं शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) घालतो. बाकी सगळा फरक कधी करतो आणि किती वेळा करतो याचा आहे.

जुन्या मॅनेजरांतला अँटिजेन, व्हिम या एडिटरला जसा व्हंडल तसा झेडएसएचला अँटिजेन असं तो स्वतःबद्दल सांगायचा, कल्पना छान होती पण आता त्यावर नवीन काम होत नाही. झेडप्लगचं तेच. शेल्डन रस्ट भाषेत लिहिलाय, टॉमल (सेटिंग लिहायचा एक साधा फॉरमॅट) फाइलमध्ये यादी ठेवायची, वेगवान आहे, ज्यांना बॅश (दुसरा एक शेल) आणि झेडएसएच दोन्ही लागतात त्यांनी जरूर बघावा.

झिनिट नावाच्या मॅनेजरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, दोन रात्री. त्याचा टर्बो मोड खरंच कमालीचा आहे, प्रॉम्प्ट आधी येतो आणि प्लगइन मागून लोड होत राहतात, त्यामुळे वाट बघितल्यासारखं वाटतच नाही. पण त्याची आइस नावाची जी वाक्यरचना आहे ती मला सकाळी उठून परत वाचली तर कळत नव्हती, आणि माझीच कॉन्फिग मला वाचता येत नसेल तर ती बिघडल्यावर मी काय दुरुस्त करणार? शिवाय २०२१ मध्ये मूळ लेखकाने आपली रेपॉझिटरी (कोडचा साठा) गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून काढूनच टाकली होती, वापरणाऱ्यांनी झेडधर्मा-कंटिन्युअम नावाने ती परत उभी केली आणि आजही सांभाळतायत. त्या लोकांचं कौतुक वाटतं मला. पण रोजच्या कामाचं हत्यार एका माणसाच्या एका क्लिकवर असतं हे त्यातून कळलं, म्हणून आता माझ्या सगळ्या प्लगइनची एक कॉपी मी माझ्याकडे ठेवतोच.

शेवटी अँटिडोट या मॅनेजरवर थांबलो. गो भाषेत लिहिलेल्या अँटिबॉडी या मॅनेजरची कल्पना यात साध्या झेडएसएचमध्ये आणलीय. एका टेक्स्ट फाइलमध्ये प्लगइनची नावं लिहायची, एका ओळीत एक, त्यावरून तो एक स्टॅटिक फाइल तयार करतो आणि यादी बदलेपर्यंत तीच फाइल वापरतो. हे मित्राला सांगितलं तर तो लगेच म्हणला, "म्हणजे जकार्डच्या कार्डासारखं की." त्यांच्या घरी चादरीचे माग होते. नक्षी एकदा कार्डात भोकं पाडून ठेवली की माग ती वाचत चालतो, दर चादरीला कोणी परत डिझाइन काढत बसत नाही. अगदी तसंच आहे. आणि ती फाइल उघडून बघता येते, आत सरळ सोर्सच्या ओळी असतात, काय लोड होतंय ते डोळ्यासमोर दिसतं. मला सगळ्यात जास्त हेच आवडलं.

आता माझ्या यादीत चारच नावं आहेत. झेडएसएच-कम्प्लीशन्स (आणखी कमांडची कम्प्लीशन), ओह माय झेडएसएचमधलं फक्त गिटचं प्लगइन (अँटिडोटमध्ये असं एकच फोल्डर उचलता येतं), झेडएसएच-ऑटोसजेशन्स (टाइप करताना आधीच्या कमांड सुचवतं), आणि सगळ्यात शेवटी झेडएसएच-सिंटॅक्स-हायलायटिंग (टाइप होणारी कमांड रंगवतं). ते शेवटीच ठेवायचं, कारण आधी तयार झालेल्या सगळ्या विजेट्सना (की दाबल्यावर चालणाऱ्या छोट्या फंक्शन्सना) ते गुंडाळून घेतं, मधे ठेवलं तर नंतर आलेल्यांवर त्याचा रंग चढत नाही. ऑटोसजेशनची राखाडी अक्षरं काही थीममध्ये बॅकग्राउंडमध्ये मिसळून जातात, चालत नाहीये असं वाटलं तर आधी रंग बदलून बघा.

कंपइनिट एकदाच, मी स्वतः लिहिलेल्या ओळीने. दिवसातून एकदा कम्प्लीशनच्या फाइलींची पूर्ण तपासणी, बाकीच्या वेळी मोठ्या सीचा (-C) ऑप्शन लावून तपासणी टाळतो. एनव्हीएम तर नोडची कमांड पहिल्यांदा मारली तरच लोड होतो. आता ०.२ सेकंद लागतात.

परवा मित्राने त्याच्या लॅपटॉपवर पण करून दे म्हणून लॅपटॉप आणला आणि नेमकी लाइट गेली, त्याच्या मोबाइलचा नेट पॅक संपलेला. माझ्याकडच्या कॉप्या पेनड्राइव्हवर घालून दिल्या, स्टॅटिक फाइलमध्ये पाथ तेवढे बदलले, आणि अंधारातच त्याचा प्रॉम्प्ट आला.