केस रिपोर्टसाठी भरवशाचं जर्नल कसं शोधलं: माझा अनुभव

केस रिपोर्ट, म्हणजे एका पेशंटच्या आजाराबद्दलचा छोटा लेख, लिहायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ तो कुठे पाठवायचा हे ठरवण्यात गेला, आणि त्या वेळाबद्दल मला जराही खंत नाही. माझ्याबरोबरचे बरेच जण आत्ता याच टप्प्यावर आहेत म्हणून जे केलं ते सविस्तर लिहिते.

केस नेमकी काय होती ते इथे सांगत नाही, कारण पेशंटनी संमती दिली ती जर्नलमध्ये छापायला, मी इतर ठिकाणी सांगत बसायला नाही. एवढंच सांगते की रोज असंख्य लोक घेतात अशा एका औषधाची दुर्मिळ रिअ‍ॅक्शन होती, निदान व्हायला उशीर झाला, औषध बंद केल्यावर पेशंट बरे झाले. हे छापायचं कशासाठी, तर उद्या दुसऱ्या कुठल्यातरी डॉक्टरसमोर असाच पेशंट आला आणि त्याने शोधलं तर त्याला ते सापडायला हवं, आणि सापडल्यावर त्यावर विश्वास बसायला हवा. 1961 मध्ये विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरचं थॅलिडोमाइडबद्दलचं, म्हणजे गरोदरपणात घेतल्यावर बाळांमध्ये व्यंग निर्माण करणाऱ्या औषधाबद्दलचं, पत्र लॅन्सेट या जर्नलमध्ये आलं ते अगदी छोटं होतं, आणि 5 जून 1981 ला अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या साप्ताहिकात पाच तरुणांच्या न्यूमोनियाची जी नोंद आली तीच एड्सची पहिली अधिकृत नोंद ठरली. आमची केस त्या तोडीची अजिबात नाही, पण काम तेच आहे, नीट नोंदवणं आणि सापडेल अशा जागी ठेवणं. खराब जर्नलमध्ये गेली तर हे दोन्ही होत नाही, सीव्हीवर एक ओळ वाढते फक्त.

सरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की आधी जर्नल ठरव मग लिही, कारण शब्दमर्यादा, फोटो किती घ्यायचे, लेखक किती चालतात, संमतीचा फॉर्म कुठला हे सगळं जर्नलप्रमाणे बदलतं. आणि नेमकं त्याच सुमारास अनोळखी जर्नल्सचे मेल यायला लागले. एका कॉन्फरन्सला अ‍ॅबस्ट्रॅक्ट दिला होता, तिथून मेल आयडी गेला असणार. मी शिकाऊ डॉक्टर, आणि मेलमध्ये मला आदरणीय प्राध्यापक म्हटलेलं, तुमच्या थोर संशोधनाने आम्ही भारावून गेलोय, अंक पूर्ण व्हायला एकच लेख कमी आहे, या आठवड्याच्या आत पाठवा, विषय कुठलाही चालेल, 72 तासांत रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासणी. चांगली जर्नल्सही कधीकधी लेख मागवतात पण ती त्या विषयातल्या ओळखीच्या माणसाला, ठराविक विषयावर मागवतात. त्यामुळे असे मेल मी वाचायचेच बंद केले आणि यादी स्वतःची स्वतः करायला घेतली.

यादी करायची सोपी पद्धत म्हणजे आपल्या रिपोर्टमध्ये आपण ज्या जुन्या केसेसचा आधार घेतोय त्या कुठे छापल्यात ते बघणं. तीच रिअ‍ॅक्शन, तसलीच औषधं, ते लेख ज्या जर्नल्समध्ये होते त्यांची नावं लिहून काढली, त्यात आमच्या स्पेशालिटीची दोन-तीन आणि फक्त केस रिपोर्ट छापणारी काही, म्हणजे 2007 मध्ये सुरू झालेलं जर्नल ऑफ मेडिकल केस रिपोर्ट्स, 2008 पासूनचं बीएमजे केस रिपोर्ट्स वगैरे. स्पेशालिटीच्या कित्येक मोठ्या जर्नल्सनी केस रिपोर्ट घेणं बंद केलंय, कारण इतर लेखांमध्ये त्यांचे उल्लेख (सायटेशन्स) कमी होतात आणि त्यावरून निघणारा जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर खाली येतो, त्यामुळे लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये केस रिपोर्ट हा प्रकार आहे का हे सगळ्यात आधी बघायचं, नाहीतर फॉरमॅटिंगमध्ये दिवस घालवून हाती काही लागत नाही.

आता संमतीचं. मला विचाराल तर जर्नल पारखायची ही सगळ्यात चांगली खूण आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मी पेशंटना भेटून सांगितलं की तुमच्या आजाराबद्दल लिहायचंय, नाव येणार नाही, पण तुमच्या घरातल्या किंवा ओळखीतल्या माणसाने वाचलं तर ओळखू शकेल, तेव्हा पूर्ण गुप्ततेची खात्री देता येत नाही, आणि एकदा इंटरनेटवर आलं की परत काढून घेता येत नाही, छापून यायच्या आधी मात्र तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, कुठे छापणार आहात? मग मला त्यांना सांगावं लागलं की कुठल्या जर्नलमध्ये, ते कोण वाचतं, फुकट वाचता येतं का. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की हा लेख एकट्या माझा नाही. काही जर्नल्सना स्वतःचाच फॉर्म लागतो, बीएमजे केस रिपोर्ट्स त्यातलंच, त्यांचे फॉर्म बऱ्याच भाषांमध्ये मिळतात. हॉस्पिटलचा सर्वसाधारण फॉर्म तिथे चालत नाही. पेशंट एकदा बरे होऊन गेले की त्यांना शोधून सही घेणं किती अवघड जातं हे सगळ्यांना माहितीय, म्हणून जर्नल आधी ठरवायचं आणि त्याच जर्नलचा फॉर्म घेऊन पेशंटकडे जायचं. आणि यादीतल्या ज्या जर्नल्सच्या सूचनांमध्ये पेशंटच्या लेखी संमतीबद्दल एक शब्दही नव्हता ती मी पहिल्या फेरीतच काढून टाकली, पुढे काही तपासलंच नाही. जे जर्नल पेशंटला विचारलं का एवढंही विचारत नाही ते लेख काय तपासणार.

मग इंडेक्सिंग, म्हणजे जर्नल कुठल्या नावाजलेल्या याद्यांमध्ये नोंदलेलं आहे ते. इथे आमच्या लायब्ररीतल्या मॅडमनी फार मदत केली, तुमच्याकडे लायब्ररियन असतील तर आधी त्यांच्याकडे जा, आपण डॉक्टर लोक तिथे जातच नाही. त्यांनी एक नियम सांगितला, जर्नल स्वतःबद्दल जे काही सांगतं ते जर्नलच्या वेबसाइटवर बघायचं नाही, बाहेर जाऊन बघायचं. एका जर्नलने मोठ्या अक्षरात पबमेड लिहिलेलं, ही वैद्यकीय लेख शोधायची साइट. मी पबमेडमध्ये शोधलं तर त्या जर्नलचे मोजके लेख दिसले, मग वाटतं की आहे बाबा खरंच. पण पबमेड, मेडलाइन आणि पबमेड सेंट्रल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मेडलाइनमध्ये जर्नल निवडून घेतलं जातं, पबमेड सेंट्रल हे पूर्ण लेखांचं भांडार आहे, आणि पबमेड या दोन्हींमध्ये एकदम शोधतं. अमेरिकेच्या एनआयएचचा सरकारी निधी घेतलेल्या लेखकांना आपला लेख पबमेड सेंट्रलमध्ये ठेवावाच लागतो, जर्नल कसंही असो, त्यामुळे संशयास्पद जर्नलचेही एकेक-दोनदोन लेख पबमेडमध्ये दिसतात. खरं काय ते एनएलएम, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाकलं की कळतं, तिथे सध्या मेडलाइनमध्ये इंडेक्स होतंय की नाही हे स्पष्ट लिहिलेलं असतं. मेडलाइनमध्ये नाही म्हणजे लगेच वाईट असं नाही, नवीन चांगली जर्नल्स आधी नुसती पबमेड सेंट्रलमध्ये असतात, पण तिथे त्यांचे सगळे अंक सलग दिसतात, तुटक लेख नाही.

बाकी ठिकाणं पटकन सांगते. ओपन अ‍ॅक्सेस (कोणालाही फुकट वाचता येणारं) असेल तर डीओएजे या अशा जर्नल्सच्या यादीत आहे का, ही यादी 2003 पासून आहे आणि मध्यंतरी त्यांनी सगळ्या जर्नल्सना नव्याने अर्ज करायला लावून 2016 मध्ये तीन हजारांहून जास्त जर्नल्स काढून टाकली. स्कोपस या लेखांच्या डेटाबेसची यादी फुकट बघता येते, तिथे कव्हरेज बंद केलंय असं लिहिलेलं नाही ना ते बघायचं, कारण जर्नल जुना शिक्का वर्षानुवर्षं मिरवत राहतं. कोप या प्रकाशन-नीतिमत्तेच्या संस्थेचे सदस्य आहोत म्हणत असतील तर कोपच्याच साइटवर नाव शोधायचं. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी देते, त्याच्याशी मिळतंजुळतं काहीतरी ग्लोबल, युनिव्हर्सल असं नाव लावून आकडा दिला असेल तर तो धरायचाच नाही. आयएसएसएन आणि डीओआय हे नुसते ओळख पटवायचे नंबर आहेत, दर्जाशी त्यांचा काही संबंध नाही. आणि एक जरा भीतीदायक प्रकार म्हणजे खऱ्या जर्नलच्या नावाने हुबेहूब खोटी साइट, नाव तेच, आयएसएसएन तोच, पैसे जातात भलतीकडे, म्हणून मेलमधल्या लिंकवरून कधीच जायचं नाही, आयएसएसएनच्या पोर्टलवरून किंवा प्रकाशकाच्या मूळ साइटवरून जायचं.

बीलची लिस्ट, म्हणजे संशयास्पद प्रकाशक आणि जर्नल्सची यादी, बघ असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. जेफ्री बील यांनी ती जानेवारी 2017 मध्ये काढून टाकली, आता ज्या फिरतात त्या दुसऱ्यांनी चालवलेल्या प्रती आहेत. संशय आला तर बघायला ठीक, पण यादीत नाव नाही म्हणजे जर्नल चांगलं असं होत नाही. प्रकाशक मोठा आहे म्हणजे झालं असंही नाही. 2013 मध्ये जॉन बोहॅनन यांनी सायन्स मासिकासाठी मुद्दाम चुका पेरलेला खोटा पेपर 304 जर्नल्सना पाठवला, 157 नी तो घेतला, आणि त्यात नावाजलेल्या प्रकाशकांचीही जर्नल्स होती. हे वाचल्यावर मी शिक्क्यांवरून लक्ष काढलं आणि लेख वाचायला बसले.

लेख वाचणं हाच खरा उपाय आहे आणि त्याला काही पैसे लागत नाहीत. प्रत्येक जर्नलचे अलीकडचे चार-पाच केस रिपोर्ट घेतले आणि केअर गाइडलाइन्स शेजारी ठेवल्या, म्हणजे केस रिपोर्टमध्ये काय काय असावं याच्या सूचना, 2013 मध्ये आलेल्या, तेरा मुद्द्यांची चेकलिस्ट आहे. टाइमलाइन आहे का, दुसरी कुठली निदानं विचारात घेतली ते लिहिलंय का, फॉलोअप किती दिवसांचा, संमतीचं वाक्य आहे का. एका जर्नलमध्ये पेशंटचा चेहरा सरळ दिसत होता आणि संमतीचा उल्लेख कुठेच नाही, मला अक्षरशः राग आला. लेखाखाली कधी मिळाला आणि कधी स्वीकारला या तारखा असतात त्याही बघा, दोन दिवसांत स्वीकारलेले लेख ओळीने दिसले तर रिव्ह्यू झालेलाच नाही हे उघड आहे.

एक जर्नल मात्र या सगळ्यातून जवळजवळ पार झालं होतं, लेखही बरे वाटत होते. पण संपादक मंडळात आमच्या क्षेत्रातल्या एका तज्ज्ञ मॅडमचं नाव होतं आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेखच नव्हता. मी त्यांना दोन ओळींचा मेल केला, नम्रपणे विचारलं. उत्तर आलं की मी या मंडळावर नाही, नाव काढा म्हणून मीच त्यांना कळवलंय, अजून काढलं नाही. झालं. असा मेल करायला संकोच वाटतो पण समोरच्याला त्याचं काही वाटत नाही, उलट त्यांनी कळवल्याबद्दल आभार मानले.

पैशांचं म्हणाल तर ओपन अ‍ॅक्सेस जर्नल फी घेतं यात गैर काही नाही. बघायचं ते हे की फी किती ते पाठवायच्या आधीच साइटवर लिहिलंय का, ती लेख स्वीकारल्यावर मागतात की आधीच, आणि लेख मागे घ्यायला पैसे मागतात का. माझ्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत हेच झालं, घाईत एका ठिकाणी पाठवला, एकही प्रश्न न विचारता स्वीकारला, मग बिल आलं, त्याने मागे घेतो म्हटल्यावर मागे घ्यायची फी मागितली. नशीब कॉपीराइटच्या फॉर्मवर सही केली नव्हती आणि पैसे भरले नव्हते. त्याने लेखी कळवलं की लेख मागे घेतोय, छापायची परवानगी नाही, सगळे मेल जपून ठेवले, आणि दुसऱ्या जर्नलला पाठवताना कव्हर लेटरमध्ये सगळी हकीकत लिहून तो पत्रव्यवहार जोडला. त्या संपादकांनी समजून घेतलं. लपवलं असतं आणि पुढे पहिल्या साइटवर लेख दिसला असता तर डुप्लिकेट म्हणून तोच अडकला असता. एका वेळी एकाच जर्नलकडे लेख असायला हवा हा नियम वाईट जर्नलही आपल्याविरुद्ध वापरतं, म्हणून पाठवायच्या आधीच तपासायचं.

फीचाच विचार करून आम्ही बीएमजे केस रिपोर्ट्सचं बघितलं, तिथे निदान एका लेखकाकडे किंवा संस्थेकडे फेलोशिप, म्हणजे त्यांची वार्षिक वर्गणी, लागते, संस्थेची असेल तर कोड लायब्ररीत मिळतो. आमच्याकडे नव्हती. मग स्पेशालिटीच्या एका सबस्क्रिप्शनवाल्या जर्नलला पाठवला जिथे लेखकाला फी नव्हती, त्यांनी नाकारला, पण कारण दिलं, की अशा केसेस आमच्याकडे आधी आल्यात, तुमच्या केसमध्ये नवीन काय ते ठळक येत नाही. त्या नकारातूनही शिकायला मिळालं, चर्चेचा भाग पूर्ण बदलला. पुढच्या जर्नलने घेतला, तोही लगेच नाही. एका रिव्ह्यूअरने विचारलं की औषधामुळेच झालं हे कशावरून, नारांजो स्कोअर (त्रास औषधामुळेच असण्याची शक्यता मोजणारे गुण) काढा, त्याच काळात चालू असलेली बाकीची औषधं तारखांसह द्या, औषध पुन्हा देऊन बघितलं का, नसेल तर का नाही ते लिहा. दुसऱ्याने पेशंटचं वय नेमकं न देता दशक द्या म्हटलं, आणि व्यवसाय काढून टाकायला लावला कारण त्यावरून ओळख पटू शकते. हे सगळे प्रश्न वाचताना सर म्हणाले, बघ, यांनी खरंच वाचलाय.

प्रूफ, म्हणजे छापायच्या आधीची शेवटची प्रत, आलं तेव्हा डोसच्या ठिकाणी मिलिग्रॅमचं मायक्रोग्रॅम झालेलं होतं, कदाचित टाइपसेटिंगमध्ये. प्रूफ तपासायला दोनच दिवस देतात, तेवढ्यात सगळे आकडे मूळ केसपेपरशी ताडून घ्या, विशेषतः डोस आणि लॅब रिपोर्टमधले आकडे. लेख आल्यावर लिंक पेशंटना पाठवली आणि एक प्रत त्यांच्या फाइलला लावली, म्हणजे पुढे ते कुठल्याही डॉक्टरकडे गेले तरी हे औषध त्यांना पुन्हा कोणी देणार नाही.